जामीन कोण राहणार?

वाचकहो, दिवाळीच्या अंकात तुरुंगाची गोष्ट काढणे म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उसनवारीची वही उघडण्यासारखे आहे, हे मला कळते. एरवी या सदरात आपण सिनेमा-मालिकांच्या गप्पा मारतो, थोडे हसतो, थोडी नाके मुरडतो आणि पुढच्या आठवड्याचा वायदा करून उठतो. दिवाळीला तर संपादक मुद्दाम बजावतात, 'काही तरी प्रसन्न लिहा.' पण माझ्या वहीत एक देणे मागच्या वर्षापासून थकले आहे. ते कबूल केल्याशिवाय मला यंदा फराळ गोड लागायचा नाही. तेव्हा थोडे सोसून घ्या.

विषयाची सुरुवात आमच्या दिवाणखान्यात झाली. आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत आणि फावल्या वेळात (म्हणजे बहुतेक वेळ) मालिका पाहतात. 2025 च्या जानेवारीत आलेली 'ब्लॅक वॉरंट' ही मालिका त्यांनी एका रविवारी लावली. तिहार तुरुंगात नोकरीला लागलेल्या सुनील गुप्ता या अधिकाऱ्याच्या आठवणींवर ती बेतलेली आहे. काळ 1980 च्या आसपासचा. नायक अंगाने किरकोळ, बोलण्याने मऊ. शिवी देता येत नाही म्हणून सहकारी त्याची थट्टा करतात. मीही पेपर तपासण्याचे सोंग सोडून खुर्ची पुढे ओढली. शेंगा सोलत आई येऊन बसली. दहा मिनिटे तिने ते सारे पाहिले आणि म्हणाली, "हा जेलर चांगला आहे रे, पण फारच बारका. आमच्या शांतारामबापूंचा जेलर बघायला हवा होतास तू."

"कोणता गं आजी?" चिरंजीवांनी विचारले.

"दो आँखें बारह हाथ. जत्रेतल्या तंबूत पाहिला होता मी, पोत्यावर बसून. आणि ती गोष्ट काही मुंबईची नव्हे, आमच्या आटपाडीकडची आहे. अगदी खरी."

आईचे माहेर खानापूर तालुक्यातले. त्या बाजूची कुठलीही गोष्ट तिच्या मते खरीच असते. या वेळी मात्र तिचे म्हणणे नुसत्या माहेरच्या अभिमानाचे नव्हते.

औंध हे लहानसे संस्थान. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकलेचे वेडे. 1939 साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, त्यांनी आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. राजाने आपण होऊन राज्य सोडावे ही गोष्टच दुर्मिळ. त्याच सुमारास औंधात मॉरिस फ्रिडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर येऊन राहिले होते. गांधींच्या सहवासात ते भारतानंद झाले होते. कैद्यांना भिंतीआड कोंडण्याऐवजी माळावर नेऊन शेती करायला लावावे, पहारा ठेवू नये, ही कल्पना त्यांनी राजांपुढे मांडली आणि राजांनी ती मान्य केली. आटपाडीजवळच्या कोरड्या माळावर वस्ती झाली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर! तुरुंगाला असे नाव ठेवायला विनोदबुद्धी तरी हवी, नाही तर फार मोठी श्रद्धा तरी हवी. ही वसाहत पुढेही टिकली. शिक्षा भोगणारी माणसे तिथे बायकामुलांसह राहून जमीन कसतात.

याच मुलखात, शेटफळे गावी, गदिमा जन्मले आणि औंध संस्थानातच शिकले. त्यांनी लिहिलेल्या कथेवर शांतारामबापूंनी 1957 साली चित्रपट काढला. आदिनाथ नावाचा जेलर खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना सारी जबाबदारी स्वतःवर घेऊन तुरुंगाबाहेर नेतो, एका उजाड जागी त्यांच्याबरोबर राहतो आणि त्यांच्या बारा हातांकडून ती जमीन पिकवून घेतो. त्यांच्यावर पहारा असतो तो फक्त त्याच्या दोन डोळ्यांचा. ते एकदा पळून जातात आणि त्या डोळ्यांच्या आठवणीनेच परत येतात. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, 1958 साली बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामबापूंच्या स्वतःच्या डोळ्यांना इजा झाली होती. वसंत देसाईंनी चाल दिलेली त्यातली प्रार्थना तर कित्येक शाळांत अजून म्हटली जाते. मुले ती पाठ म्हणतात. ती कैद्यांच्या तोंडची आहे हे त्यांना बहुधा कुणी सांगत नाही.

तुरुंगाचे चित्रपट आपल्याला इतके का आवडतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण उघड आहे. तुरुंग म्हटला की भिंत आली, भिंत म्हटली की पलायन आले, आणि पलायन म्हटले की आपण कैद्याच्या बाजूचे झालो! घरी तीन कुलपे लावून थिएटरात गेलेले आपण तिथे मात्र कुलूप तुटण्याची वाट पाहत बसतो. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा 1956 चा 'ए मॅन एस्केप्ड' हा या जातीचा सर्वांत शुद्ध चित्रपट म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लियाँ शहरातल्या माँल्यूक तुरुंगात टाकलेले आंद्रे देविन्यी 1943 साली तिथून निसटले, त्यांच्या हकिकतीवर तो आधारलेला आहे. नायक पळणार हे नावातच सांगून टाकले आहे, तरी तासभर आपला जीव मुठीत असतो. एक चमचा घासून तो त्याची पटाशी करतो, दाराच्या फळ्या एकेक करून सुट्या करतो, पांघरुणे फाडून दोर वळतो. आणि सारी तयारी झाली असताना त्याच्या कोठडीत एक कोवळा पोरगा आणून टाकतात. हा पोरगा आपला की शत्रूचा हेर? त्याला सांगावे की संपवावे? नायक एक रात्र विचार करतो आणि त्याला सांगतो. दोघे मिळून निघतात. शेवटची भिंत चढताना त्याच्या ध्यानात येते की ही भिंत एकट्याने चढता आलीच नसती.

मी मराठीचा अध्यापक. गोष्टीचे सार काढल्याशिवाय मला झोप येत नाही. ते सार मला इथे सापडले. तुरुंगाच्या चांगल्या गोष्टीत भिंत हा देखावा असतो. खरा विषय असतो तो कोण कोणावर विश्वास टाकतो हा. अमेरिकन 'शॉशँक रिडेम्प्शन' (1994) पाहा. लोकांच्या लक्षात राहते ते त्यातले भुयार. मला आठवतो तो म्हातारा ग्रंथपाल ब्रूक्स. पन्नास वर्षांनी त्याला सोडतात, आणि बाहेरच्या मोकळ्या जगात आपल्याला ओळखणारे, आपली वाट पाहणारे कुणीच नाही हे कळल्यावर तो जीव देतो. त्याचा मित्र रेड सुटल्यावर दुकानात काम करतो, तर लघवीला जायलाही मालकाची परवानगी मागतो. कुलूप दारावरून निघते, ते मनावरून निघायला बाहेर कुणीतरी माणूस लागतो.

आपल्याकडच्या स्त्रियांच्या गोष्टी याच वाटेने आणखी खोल गेल्या आहेत. बिमल रॉय यांचा 'बंदिनी' (1963) आठवा. मूळ बंगाली कादंबरी 'जरासंध' या टोपणनावाने लिहिणाऱ्या चारुचंद्र चक्रवर्तींची. ते स्वतः तुरुंगाचे अधिकारी होते, त्यामुळे कैद्यांच्या कहाण्या त्यांना ऐकीव नव्हत्या. नूतनने उभी केलेली कल्याणी विष घातल्याचा गुन्हा नाकारत नाही. तुरुंगातला तरुण डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवायला तयार असतो. तयार नसते ती तीच. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (1982) तर तुरुंगाचा चित्रपट म्हणून कुणी पाहतच नाही. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. स्मिता पाटीलची सुलभा एका महिला सुधारगृहाची अधीक्षिका होऊन जाते. तिथल्या बायकांवर खटला नसतो, शिक्षा नसते. त्यांना आसरा दिलेला असतो. पण फाटकाला कुलूप असते आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. पाटीवर 'आसरा' लिहिले की कोंडवाडा आपल्या डोळ्यांना दिसेनासा होतो, हे त्या चित्रपटाने चाळीस वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

या सगळ्या गोष्टींत एक माणूस मात्र मला बरीच वर्षे दिसला नव्हता. त्याला तुरुंगाच्या बोलीत 'कच्चा कैदी' म्हणतात. शिक्षा झालेला तो पक्का कैदी. ज्याचा खटला अजून चालायचा किंवा संपायचा आहे तो कच्चा. शब्द मोठा बोलका आहे. कच्चे म्हणजे अजून ठरलेले नाही ते. कच्च्या पावतीला जसा हिशेबात अर्थ नाही, तसा कच्च्या कैद्याला कायद्याच्या दृष्टीने डाग नाही. तो अजून निर्दोषच आहे. फक्त आत आहे.

वेगवेगळ्या रूपांत हा माणूस पडद्यावर आला आहे. 2019 च्या 'क्रिमिनल जस्टिस' या मालिकेत एका रात्रीच्या घोटाळ्यात खुनाचा आरोपी झालेला तरुण आत जातो. खटला चालू असतानाच तुरुंग त्याला असा काही घडवतो की निकाल काहीही लागो, आत गेलेला मुलगा बाहेर येणार नसतो. ब्रिटिश मालिकेचे ते हिंदी रूप. पण ते आपल्याकडचेच वाटले, हेच त्याचे यश. आणि आमच्या मराठीत चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) झाला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. वीरा साथीदार यांनी रंगवलेला म्हातारा लोकशाहीर नारायण कांबळे एका गाण्यामुळे पकडला जातो: त्या गाण्याने म्हणे एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले. पुढे काय होते? काहीच होत नाही, आणि तीच त्याची शिक्षा. तारीख पडते. साक्षीदार येत नाही. पुन्हा तारीख पडते. अखेरीस न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवतात, आणि पुढच्या दृश्यात न्यायाधीशमहाराज कुटुंबासह सहलीला निघालेले दिसतात. तुरुंगाची भिंत या चित्रपटात जवळजवळ नाहीच. तिच्या जागी कॅलेंडर आहे.

आता थोडे आकडे देतो. फराळाच्या ताटात मीठ लागतेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. जागा होती 4,36,266 जणांची. आणि त्या माणसांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरांतले जवळजवळ शहात्तर. एकटे कच्चे कैदीच जवळजवळ सगळी जागा व्यापून टाकतील इतके! आपण पडद्यावर पाहतो ते खुनी, दरोडेखोर, फाशीची वाट पाहणारे; खऱ्या बराकीत चार माणसांतली तीन तारखेची वाट पाहणारी असतात.

1979 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हुसैनारा खातून यांच्या नावाने बिहारच्या तुरुंगांचे प्रकरण आले. पुष्पा कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनी वर्तमानपत्रातले लेख वाचून ते नेले होते. आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, तिच्याहूनही अधिक काळ खटल्याविना आत काढलेली माणसे त्यात निघाली. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितले की खटला लवकर चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुढे कायदेही बदलले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने संभाव्य कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि आणखी काही प्रकरणे वगळून. पण या सगळ्यांच्या आधीची एक साधी पायरी आहे, आणि कित्येक माणसे तिथेच अडखळून पडतात. न्यायालयाने जामीन मंजूर केलेला असतो आणि तरीही माणूस आतच असतो. का? तर त्याला जामीन राहायला कुणी नसते म्हणून.

जामीन! हा शब्द आपण रोज वाचतो. अमक्याला जामीन मिळाला, तमक्याचा फेटाळला. ऐकून वाटते की तो काही कागद असावा, खिडकीवर मिळणारा. पण अरबीतून आपल्याकडे आलेला हा शब्द मुळात माणसाचा आहे. जामीन म्हणजे हमी घेणारा. 'मी याला जामीन आहे' असे एका माणसाने दुसऱ्यासाठी म्हणायचे असते. आदिनाथ जेलर त्या सहा जणांना जामीनच राहिला होता. पटकथेत तो शब्द असो वा नसो.

आता माझ्या थकलेल्या देण्याकडे येतो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला 'दो आँखें बारह हाथ' दाखवला. अभ्यासक्रमात साहित्य आणि चित्रपट असा एक भाग आहे, त्यात गदिमांच्या निमित्ताने बसवला. चित्रपट संपल्यावर मी तासभर बोललो. चांगला बोललो, असे मला त्या वेळी वाटले. विश्वास टाकल्याशिवाय माणूस विश्वासाला पात्र होत नाही, असे एक वाक्य मी फळ्यावरही लिहिले. मुलींनी वहीत उतरवून घेतले. बोलण्याच्या ओघात मी दोन-चारदा 'तुरुंगातले गुन्हेगार' असा शब्द वापरला.

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी दाराशी थांबली. हुशार, कमी बोलणारी, नेहमी खिडकीच्या बाकावर बसणारी.

"सर, तुरुंगात असतात ते सगळेच गुन्हेगार नसतात," ती म्हणाली.

मी म्हटले, "बरोबर आहे. चुकलंच माझं."

"माझे पप्पा आत आहेत, सर. कच्चे कैदी म्हणतात त्यांना. खटला अजून उभा राहिलेला नाही."

वडील एका गोदामावर रखवालदार होते. माल चोरीला गेला, संशय त्यांच्यावर आला, अटक झाली. दीड महिन्याने न्यायालयाने जामीन दिला: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. त्यालाही महिना उलटून गेला होता. नातेवाईक सगळे परजिल्ह्यातले, त्यांतही कुणाच्या नावावर काही नाही. इथे कुणीतरी हवे होते: ओळखपत्र, राहण्याचा पत्ता, पगाराचा दाखला किंवा मालमत्तेचा कागद असलेले. ती दर आठवड्याला आईबरोबर मुलाखतीला जात असे. तुरुंगात भेटीला 'मुलाखत' म्हणतात, हे तिनेच मला सांगितले. मध्ये काच असते, फोनवरून बोलायचे. वेळ संपली की आवाज तुटतो आणि मग थोडा वेळ नुसते ओठ हललेले दिसतात.

"सर, तुम्ही राहाल का जामीन?" तिने विचारले. माझ्याकडे न पाहता, फळ्याकडे पाहून विचारले. फळ्यावर माझे वाक्य तसेच होते.

मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

घरी आलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, माणूस कसा आहे आपल्याला काय ठाऊक? उद्या तारखेला आला नाही तर पोलीस आपल्या दारात यायचे." त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, हे सारे माझ्याच मनात होते, त्यांनी फक्त बोलून दाखवले. माझे वडील नेहमी सांगत, कुणाला पैसे उसने द्यावेत पण कुणाला जामीन राहू नये. एका वकील मित्राला फोन केला. तो म्हणाला, "धोका फार नाही. तो पळालाच तर पंधरा हजार भरावे लागतील, इतकंच. पण कशाला या भानगडीत पडतोस?"

पंधरा हजार. ज्या टीव्हीवर आम्ही तिहारच्या कैद्यांसाठी हळहळत होतो, त्या टीव्हीची किंमत त्याहून अधिक होती. हे गणित मला त्याच रात्री सुचले, पण मी ते कुणाला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी आई चकल्या पाडत होती. तिला मी सगळे सांगितले, थोडे आपल्या बाजूने वळवूनच. तिने ऐकून घेतले. सोऱ्यातली शेवटची चकली नीट कागदावर पडेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या जेलरनं काय रे, घरी विचारलं होतं का आधी?"

मी हसलो. विनोद म्हणून तो चांगला होता. पण मी काही केले नाही. नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. सुट्टी लागली, पाहुणे आले, पेपर तपासायचे होते. 'कोर्ट'मधल्या न्यायाधीशाला नावे ठेवणारा मी. मीही त्या मुलीला सुट्टीनंतरची तारीखच दिली होती.

सुट्टीनंतर कॉलेज उघडले. पहिल्या दिवशी मी तयारीने गेलो. पगाराचा दाखला मागायचा अर्जसुद्धा लिहून खिशात ठेवला होता. ती भेटली तेव्हा मी म्हटले, "मी येतो, कधी यायचं ते सांग."

"झालं सर," ती म्हणाली. "पाडव्याच्या आदल्या दिवशी सुटले पप्पा. आमच्या गल्लीतले रिक्षावाले काका राहिले जामीन. रिक्षाचं आर. सी. बुक दिलं त्यांनी कोर्टात."

आणि माझी अडचण होऊ नये म्हणून तीच पुढे म्हणाली, "तुम्ही कामात होता ना, सर."

ज्या रिक्षावर त्या माणसाचे पोट चालत होते तिचा कागद त्याने शेजाऱ्यासाठी न्यायालयात ठेवला. आणि कायम नोकरी, स्वतःचा फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी एवढे सारे असलेला मी पंधरा दिवस 'विचार' करत होतो. त्या काकांनी शांतारामबापूंचा चित्रपट पाहिला होता की नाही, मला ठाऊक नाही. बहुधा नसावा. तो मी दाखवत होतो.

खरा दोष कुणाचा, हे मी अजून सांगू शकत नाही. त्या रखवालदाराने चोरी केली की नाही ते न्यायालय ठरवील. खटला या घडीपर्यंत उभा राहिलेला नाही. या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकाची सही हवी होती, म्हणून ती वडिलांना घेऊन विभागात आली. पन्नाशीचे, अंगाने वाळलेले गृहस्थ. मी खुर्ची दिली तरी बराच वेळ उभेच होते. सही करताना त्यांनी आधी पेन हातात फिरवून पाहिले आणि अक्षरे एकेक करून, जपून काढली. जाताना मी विचारले, "तारखा असतात का अजून?"

"असतात की. सात झाल्या," ते म्हणाले. "एकही चुकवली नाही. रिक्षावाल्याचा कागद आहे ना तिथं."

गदिमांच्या गोष्टीत सहा माणसे दोन डोळ्यांच्या आठवणीने परत येतात, तेव्हा आमच्या वर्गातल्या काही मुलांना ते अति भाबडे वाटले होते. मलाही वयाच्या विशीत तसेच वाटले होते. आता वाटत नाही.

वाचकहो, उपदेश करण्याचा हक्क मी गमावून बसलो आहे, तेव्हा तो करत नाही. एक माहिती मात्र देतो. जामीन मंजूर होऊनही आठवडाभरात सुटका झाली नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले आहे. महिना लोटला तर न्यायालय आपण होऊन जामिनाची अट सैल करण्याचा विचार करू शकते. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांना दंड आणि जामिनाच्या रकमेसाठी साहाय्य देणारी योजनाही काढली. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि कैद्यांना तिथे फुकट वकील मिळतो. हे मला त्या वेळी ठाऊक असते तर निदान तेवढे तरी मी त्या मुलीला सांगू शकलो असतो. तुमच्या घरी येणाऱ्या मोलकरणीला, सोसायटीच्या रखवालदाराला, कुणाला ना कुणाला हे कधी तरी उपयोगी पडेल. त्यासाठी लेखातला एवढा भाग कापून ठेवलात तरी माझी दिवाळी पावली.

बाकी, सुट्टीत पाहायला काय चांगले आहे असे तुम्ही दरवर्षी पत्रांतून विचारता. यंदा घरच्या मंडळींना घेऊन 'दो आँखें बारह हाथ' पाहा. लांबी थोडी जाणवेल, बैलाच्या झुंजीत मुले गप्प होतील, आणि प्रार्थना आली की घरातले वडीलधारे बरोबर म्हणू लागतील. आमच्याकडे परवाच पाहिला. चिरंजीव शेवटपर्यंत बसले, हे विशेष. आई मध्येच उठून आत गेली. वाटले, कंटाळली असेल. थोड्या वेळाने बाहेर आली तर हातात फराळाचे दोन डबे.

"एक त्या मुलीच्या घरी द्यायचा," ती म्हणाली. "आणि दुसरा रिक्षावाल्याकडे. तू स्वतः जायचंस. कुणाच्या हाती पाठवायचा नाही."

उद्या सकाळी जाणार आहे. या वेळी घरी कुणाला विचारायचे नाही, एवढे ठरवले आहे.